लुईस मम्फर्ड : यंत्र, नगर आणि दाराबाहेर राहिलेली माणसं

आजचा विषय लुईस मम्फर्ड. मराठीत हे नाव फारसं घेतलं जात नाही. नगररचनेच्या अभ्यासक्रमात एखाद्या प्रकरणापुरतं येतं आणि परीक्षेनंतर विसरलं जातं. पण शहर, यंत्र आणि संस्कृतीची नवी उभारणी या तिन्ही गोष्टी एकाच प्रश्नात बांधून सगळं आयुष्य त्या प्रश्नामागे घालवणारा दुसरा लेखक विसाव्या शतकात शोधावाच लागेल. १८९५ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात त्याचा जन्म झाला आणि १९९० च्या जानेवारीत तो गेला. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात संध्याकाळचे वर्ग केले, पदवी घेतली नाही. 'द न्यूयॉर्कर' साप्ताहिकात १९३१ पासून तीस वर्षांहून अधिक काळ इमारती आणि रस्ते यांच्यावर सदर लिहिलं. १९३४ ते १९५१ या काळात चार जाडजूड ग्रंथ काढले आणि त्या मालेला नाव दिलं 'द रिन्यूअल ऑफ लाइफ', म्हणजे जीवनाचं नवीकरण. नावातच केवढा आत्मविश्वास आहे बघा!

आज आम्ही त्याचं चरित्र सांगत बसणार नाही. आम्हाला त्याच्याविषयी एक तक्रार मांडायची आहे. ती थोडक्यात अशी : यंत्राकडे बघताना लोखंडाकडे बघू नका, त्यात माणसं कुठे आणि कशी जोडलेली आहेत ते बघा, असं मम्फर्डने आपल्याला शिकवलं. ही मोठीच शिकवण आहे. पण ज्या छोट्या, माणसाच्या मापाच्या, हिरव्यागार नगराचं स्वप्न त्याने पाहिलं, त्याच्याकडे बघताना त्याचा हा चौकसपणा कुठेतरी पातळ झाला. त्या नगरात कोणाला घर मिळालं नाही, हे त्याने पुरेसं विचारलं नाही. तक्रार एवढीच आहे, पण ती नीट मांडायची तर आधी त्याचं ऋण मान्य करायला हवं.

सुरुवात घड्याळापासून करू. १९३४ साली 'टेक्निक्स अँड सिव्हिलायझेशन' आलं. त्या काळी कुणालाही विचारा, आधुनिक यंत्रयुग कशाने सुरू झालं? उत्तर ठरलेलं : वाफेच्या इंजिनाने. मम्फर्ड म्हणाला, नाही, घड्याळाने. आणि घड्याळ कुठून आलं? कारखान्यातून आलं नाही, बाजारातूनही नाही. ते आलं मठांतून. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी नियम घालून दिले, दिवसाच्या ठरलेल्या प्रहरी प्रार्थना लावून दिल्या. त्या वेळा चुकू नयेत म्हणून घंटा वाजू लागली. घंटा वेळेवर वाजावी म्हणून यंत्र लागलं. पुढे ती घंटा मठाच्या भिंतीबाहेर गावाला ऐकू जायला लागली आणि गावाचं खाणं, झोपणं, दुकान उघडणं त्या ठोक्यावर चालू लागलं.

यात मुद्दा काय आहे? यंत्र तयार व्हायच्या आधी यंत्रासारखी वागणारी माणसं तयार झाली होती. शिस्त आधी आली, चाक नंतर फिरलं. ज्यांनी गिरणगावात भोंग्यावर घर जागं झालेलं ऐकलं असेल, त्यांना हे निराळं समजावून सांगायची गरज नाही. गिरणीचा साचा गिरणीत असतो, पण भोंगा स्वयंपाकघरात शिरतो. तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणजे शोधांची यादी, अशी समजूत शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेली असते. मम्फर्डने तिला पहिला मोठा धक्का दिला, आणि तो आजही ओसरलेला नाही.

त्याच ग्रंथात त्याने यंत्रयुगाचे तीन कालखंड पाडले. पाणी आणि लाकडाचा पहिला, कोळसा आणि लोखंडाचा दुसरा, वीज आणि मिश्रधातूंचा तिसरा. यातल्या दुसऱ्या-तिसऱ्याची नावं त्याची स्वतःची नाहीत. ती त्याच्या गुरूची, पॅट्रिक गेडिसची. आणि इथे आपल्याला मुंबईत यावं लागतं.

गेडिस हा स्कॉटलंडचा वनस्पतिशास्त्रज्ञ. झाडाचा अभ्यास करता करता तो शहराकडे वळला, आणि शहराकडे बघायची त्याची दृष्टी कायम माळ्याचीच राहिली. १९१४ साली तो हिंदुस्थानात आला. नगरांविषयीचं त्याचं फिरतं प्रदर्शन ज्या जहाजात होतं, ते 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने बुडवलं, तरी पठ्ठ्याने पुन्हा साहित्य गोळा करून प्रदर्शन भरवलं. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचा पहिला प्राध्यापक हाच. गो. स. घुर्ये यांना हेरून इंग्लंडला पाठवणाराही हाच. भारतातल्या विद्यापीठीय समाजशास्त्राच्या उगमाशी झाडं निरखणारा एक म्हातारा उभा आहे, ही गोष्ट आम्हाला फार आवडते.

गेडिसची पद्धत साधी होती. त्या वेळचे सरकारी अभियंते जुन्या वस्तीवर नकाशात पट्टी ठेवून सरळ रुंद रस्ता आखायचे आणि त्याच्या आड येईल ते पाडायचे. गेडिस गल्लीगल्लीतून पायी फिरायचा. पडकं घर तेवढं काढा, तिथे छोटा चौक होऊ द्या, विहीर उपसा, एक झाड लावा, बाकीचं राहू द्या. शस्त्रक्रिया करायची, पण रोगी राखून. होळकरांच्या इंदुरात प्लेगच्या दिवसांत त्याने दिवाळीची मिरवणूक काढवली. ज्या भागातली घरं आणि रस्ते लोकांनी सर्वांत स्वच्छ केले असतील, त्या भागातून ती जाणार असं जाहीर केलं. मिरवणुकीत उंदराची भलीमोठी प्रतिमाही होती. नुसत्या हुकमाने जे झालं नसतं ते लोकांनी मिरवणुकीच्या हौसेने केलं.

गेडिस मुंबईत शिकवत होता त्या काळात न्यूयॉर्कचा तरुण मम्फर्ड त्याच्याशी पत्रव्यवहार करत होता. आपल्याबरोबर कामाला ये, असा गेडिसचा आग्रह होता. मम्फर्ड गेला नाही. १९२३ साली दोघांची न्यूयॉर्कात भेट झाली. गेडिसचा मुलगा अलास्डेअर १९१७ साली युद्धात मारला गेला होता, आणि म्हातारा या शिष्यात तो मुलगाच शोधू लागला. मम्फर्ड गांगरला. दोन वर्षांनी स्वतःला मुलगा झाला तेव्हा मात्र त्याचं नाव त्याने गेडिस ठेवलं. हा मुलगा लक्षात ठेवा, पुढे त्याच्यापाशी यायचं आहे.

तर, तिसऱ्या, विजेच्या कालखंडावर मम्फर्डची मोठी भिस्त होती. कोळशाचं यंत्र माणसांना खाणीजवळ, रेल्वेजवळ, एकाच ठिकाणी दाटीवाटीने गोळा करतं. वीज तारेवरून कुठेही जाते, मोटार कुठेही पोचते, फोन कुठेही लागतो. मग लंडन-न्यूयॉर्कच्या राक्षसी पसाऱ्याची गरज काय? माणसांनी मध्यम आकाराच्या नगरांत राहावं, भोवती शेतं आणि जंगल असावं, नगरं एकमेकांशी जोडलेली असावीत. इंग्लंडच्या एबेनेझर हॉवर्डची उद्याननगरी आणि गेडिसचं प्रदेशाचं भान यांचा हा मेळ होता. मम्फर्ड नुसतं लिहून थांबला नाही. क्लॅरेन्स स्टाइन, हेन्री राइट, बेंटन मकाय या मित्रांबरोबर १९२३ साली त्याने एक छोटी मंडळी जमवली. १९२४ ते १९२८ मध्ये त्या मंडळीच्या आराखड्यावर क्वीन्समध्ये सनीसाइड गार्डन्स उभं राहिलं. ७७ एकर जागा, विटांची साधी ओळीची घरं आणि घरांच्या पाठीमागे सगळ्यांची मिळून एक बाग. स्वतः मम्फर्ड तिथे अकरा वर्षं राहिला. नगररचनेवर लिहिणारे आपण लिहिलेल्या नगरात राहायला जातातच असं नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

या सनीसाइडचं पुढे काय झालं? महामंदी आली. घरं हप्त्यांवर घेतलेली होती आणि माणसांच्या नोकऱ्या गेल्या. रहिवाशांनी मिळून हप्ते भरायचं नाकारलं, बऱ्याच जणांच्या घरांवर जप्ती आली, सामान रस्त्यावर आलं. न्यू जर्सीतलं रॅडबर्न, म्हणजे मोटारी आणि पायी चालणाऱ्यांचे रस्ते वेगळे ठेवणारं त्यांचं दुसरं नगर, अर्धंमुर्धं उभं राहून थांबलं. सनीसाइडला कोळशाने मारलं नाही, वाफेनेही मारलं नाही. त्याला कर्जरोख्यांनी मारलं. मम्फर्डच्या तीन कालखंडांत पाणी, कोळसा आणि वीज यांना जागा आहे, गहाणखताला तशी जागा नाही. भांडवलाविषयी तो कडक बोलतो, त्याचा लोभ, त्याची घाई, सगळं सांगतो. पण पुष्कळदा तो त्याला मनोवृत्ती म्हणून पाहतो, घराचा हप्ता म्हणून कमी पाहतो. यंत्रामागची मनोवृत्ती शोधण्याची त्याची सवय इथे त्याला नडते.

आणि विजेवरची भिस्त? तीही फसली. वीज आणि मोटार आल्या, शहर विखुरलंही, पण त्यातून नगरं न निघता उपनगरांचा अथांग पसारा निघाला. १९५६ साली अमेरिकेत महामार्गांचा कायदा झाला, ४१,००० मैलांच्या रस्त्यांची योजना आली. मम्फर्डने त्यावर कोरडे ओढले. विकेंद्रीकरण घडवणारं साधन आपल्या हाती आलं की विकेंद्रीकरण आपोआप होईल, ही १९३४ सालची आशा खोटी ठरली होती, आणि हे त्याला स्वतःलाच सर्वांत आधी दिसलं.

मध्ये युद्ध झालं होतं. ज्या मुलाचं नाव गेडिस, तो १९४४ साली इटलीत मारला गेला, एकोणीस वर्षांचा. गुरूच्या घरी जे झालं तेच शिष्याच्या घरी. पुढच्या वर्षी हिरोशिमा. १९४६ च्या मार्चमध्ये मम्फर्डने एक लेख लिहिला. अणुबाँबची व्यवस्था पाहणाऱ्या शहाण्यासुरत्या, नेमस्त, हुद्देदार माणसांना त्यात त्याने सरळ वेडे म्हटलं. हे वेड त्यांच्या वागण्यात दिसत नाही, ते वेळेवर कामाला जातात, फायली नीट ठेवतात, आणि म्हणूनच ते भयंकर आहे, असा त्याचा रोख होता. घड्याळावर लिहिणाऱ्या माणसालाच हे दिसू शकतं.

इथून पुढचा मम्फर्ड जास्त काळवंडलेला आणि, आमच्या मते, जास्त खोल आहे. १९६१ साली 'द सिटी इन हिस्टरी' आलं. त्याला पुढच्या वर्षी अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. या ग्रंथाची पहिली तीन-चार प्रकरणं तरी वाचाच. त्यात एक विलक्षण कल्पना आहे. आदिम तंत्रज्ञान म्हटलं की आपल्याला भाला, कुऱ्हाड, नांगर आठवतो. म्हणजे खुपसायची, तोडायची, उकरायची हत्यारं. मम्फर्ड म्हणतो, नवाश्मयुगाची खरी करामत साठवणाऱ्या वस्तूंत आहे : मडकं, रांजण, कणगी, पेव, गोठा, घर, तलाव. यांत काहीच हलत नाही, म्हणून यांना कोणी यंत्र म्हणत नाही. पण धान्य वर्षभर टिकलं नाही तर गाव टिकत नाही, आणि गाव टिकलं नाही तर शहर कुठून येणार? ही साठवण बहुतांशी बायकांच्या हातची, असं त्याचं म्हणणं. शहर हेसुद्धा एक मोठं भांडं आहे. त्यात धान्य साठतं, तशा आठवणी, कायदे, गाणी, हिशेब साठतात. कणगी लिंपणाऱ्या हाताला तंत्रज्ञानाच्या इतिहासात इतकी मानाची जागा त्याआधी क्वचितच कोणी दिली असेल.

मग त्याच शहरात राजा आला, पुरोहित आला, कारकून आला, आणि १९६७ आणि १९७० साली दोन भागांत आलेल्या 'द मिथ ऑफ द मशीन'मध्ये मम्फर्डने आपला सर्वांत गाजलेला सिद्धान्त मांडला. पहिलं महायंत्र पाच हजार वर्षांपूर्वी बनलं. पुरातत्त्वाला ते सापडत नाही, कारण त्याचे सुटे भाग म्हणजे माणसं होती. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडात सुमारे तेवीस लाख दगड आहेत. ते रचणाऱ्यांकडे इंजिन नव्हतं, पोलादही नव्हतं. पण हुकूम वरून खाली नेणारी साखळी होती, हजेरी आणि शिध्याची नोंद ठेवणारे लेखनिक होते, आणि ठरलेली हालचाल ठरल्या वेळी करणारी हजारो शरीरं होती. हे यंत्र मधल्या काळात मोडलं, विखुरलं, आणि दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबच्या प्रकल्पाने पुन्हा जोडलं गेलं. फारोच्या जागी संगणक बसला.

या चित्रात थोडी दुरुस्ती करावी लागते. गिझाजवळच्या नंतरच्या उत्खननात मजुरांची वस्ती, त्यांच्या भाकरीच्या भट्ट्या आणि मानाने बांधलेली थडगी सापडली. तिथली माणसं नुसते दाते आणि चाकं नव्हती, ती आपापसात टोळ्या करून राहणारी, खाणारी-पिणारी, आपल्या कामाचा गर्व बाळगणारी होती असं दिसतं. पण त्याने मम्फर्डचा मुद्दा पडत नाही, उलट अवघड होतो. माणूस महायंत्राचा भाग कधी चाबकाने होतो, कधी भाकरीने, कधी अभिमानाने. मम्फर्डलाही हे ठाऊक होतं. १९६४ साली छापलेल्या एका भाषणात त्याने आजच्या तंत्राला भलीमोठी लाच म्हटलं आहे. म्हणजे काय, तर तुम्हाला अन्न, वस्त्र, प्रवास, करमणूक, औषध सगळं मिळेल, अट एकच : यंत्रणा जे देऊ शकत नाही ते मागायचं नाही. हातातल्या फोनकडे बघून हे वाक्य कुणाला जुनं वाटेल? नकाशा फुकट, गाणी फुकट, निरोप फुकट. आणि रस्त्यावर पाठीला चौकोनी पिशवी अडकवून दुचाकीवर धावणारा मुलगा कोणत्या मिनिटाला कुठे आहे, हे त्याच्या आईला माहीत नसतं, ॲपला माहीत असतं.

इथवर ऋण. आता तक्रार.

१९३९ साली न्यूयॉर्कात जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे 'द सिटी' नावाचा माहितीपट दाखवला गेला. त्याचं निवेदन मम्फर्डचं, संगीत एरन कोपलंडचं. आधी न्यू इंग्लंडमधलं शांत जुनं गाव, मग धुराने काळं झालेलं पोलादाचं शहर, मग न्यूयॉर्कची धक्काबुक्की, आणि शेवटी नवं हिरवं नगर : झाडं, सायकलवरची मुलं, स्वच्छ घरं. हे नवं नगर ज्या ठिकाणी चित्रित झालं त्यांतलं एक म्हणजे ग्रीनबेल्ट. वॉशिंग्टनजवळ, केंद्र सरकारने मंदीच्या काळात बेकारांना काम देऊन वसवलेलं. ते बांधणाऱ्या हातांत काळे मजूरही होते. राहायला घरं मिळाली ती फक्त गोऱ्या कुटुंबांना.

त्या निवेदनात याचा शब्द नाही. यंत्राचे भाग झालेली माणसं पाच हजार वर्षांपूर्वीच्या वाळूतून शोधून काढणाऱ्याला आपल्या समोरच्या पडद्यावर कोण दिसत नाही, ते दिसलं नाही. मम्फर्डच्या मनात काळ्यांविषयी आकस होता, असं आम्ही म्हणत नाही. अडचण त्याच्या मोजमापात आहे. तो नगराचं माप आकारावरून घेतो. लहान ते माणसाच्या मापाचं, मोठं ते अमानुष. पण लहान जागेत सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि ओळखणं म्हणजे नेहमी माया नसते. ओळखणं म्हणजे तू कोणाचा, हे विचारणंही असतं.

हे ज्याने सर्वांत स्पष्ट पाहिलं तो माणूस, योगायोग बघा, त्याच वर्षांत त्याच शहरात शिकत होता. १९१३ ते १९१६ भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात होते. मम्फर्ड तेव्हा अठरा ते एकवीस वर्षांचा, संध्याकाळचे वर्ग करत मॅनहॅटनच्या रस्त्यांवर भटकत होता. दोघांची भेट झाल्याचं काही नाही, व्हायचं कारणही नव्हतं. पण दोघांमध्ये एक माणूस उभा आहे : जॉन ड्यूई. आंबेडकरांनी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्याला गुरू म्हणून आदराने आठवलं. मम्फर्डने १९२६ साली 'द गोल्डन डे'मध्ये ड्यूईच्या विचारावर टीका केली : हा विचार साधनांविषयी सांगतो, साध्यांविषयी मुका राहतो, आहे त्याच्याशी जुळवून घेतो. ड्यूईने पुढच्या वर्षी त्याला उत्तर दिलं. आम्हाला विचाराल तर ड्यूईचा अधिक धारदार उपयोग आंबेडकरांनी केला. लोकशाही म्हणजे एकमेकांशी मोकळा संपर्क, ही कसोटी घेऊन ते गावाकडे गेले आणि तिथे त्यांना वेशीबाहेरचा वाडा दिसला.

४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडताना आंबेडकरांनी खेड्याच्या गोडव्यांना जे उत्तर दिलं ते सर्वांना ठाऊक आहे. खेडं म्हणजे संकुचितपणा आणि अज्ञान, असा त्यांचा आशय होता. हे मम्फर्डच्या शेजारी ठेवून वाचा. महानगराच्या ज्या अनोळखीपणाला मम्फर्ड रोग म्हणतो, तोच कोकणातून किंवा देशावरून मुंबईला पळून आलेल्या महाराला पहिला मोकळा श्वास होता. ट्राममध्ये कोण शेजारी बसला, कोणी विचारत नसे. पण शहराचंही भाबडं चित्र नको. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. तिथे पगार जास्त होता. १९२८ च्या संपात आंबेडकरांनी हा मुद्दा लावून धरला. म्हणजे एकाच यंत्रापाशी दोन गोष्टी होत्या. भोंग्याने सगळ्यांना सारखं उठवलं, पण धोट्याने सगळ्यांना सारखं वागवलं नाही. मम्फर्डच्या पद्धतीने बघायला गेलो तर हे दिसायला हवं, कारण माणसं यंत्रात कशी जोडली जातात हाच तर त्याचा प्रश्न. त्याने तो प्रश्न राजा आणि मजूर यांच्यात विचारला. मजूर आणि मजूर यांच्यात विचारला असता, तर ग्रीनबेल्टही दिसलं असतं.

जेन जेकब्सशी झालेल्या त्याच्या भांडणातही हेच आडवं आलं. १९६१ साली तिचं अमेरिकी महानगरांवरचं पुस्तक आलं. त्यात तिने उद्याननगरीवाल्यांना झोडपलं, मम्फर्डलाही सोडलं नाही. त्याने वर्षभर राग गिळला आणि १९६२ च्या डिसेंबरमध्ये 'न्यूयॉर्कर'मध्ये लांबलचक परीक्षण छापलं. त्याच्या शीर्षकाचा मराठी थाट 'जेकब्सबाईंचा बटवा' असा काहीसा होईल : शहराच्या दुर्धर रोगावर बाईंची घरगुती औषधं. बटवा राखणाऱ्या हातांचं नवाश्मयुगात कौतुक करणारा लेखक समोरच्या बाईला बटव्यावरून हिणवतो, हे वाचताना आजही खटकतं. त्याचे काही आक्षेप रास्त आहेत. गजबजलेला रस्ता आणि खिडकीतून बघणारे डोळे असले की गुन्हे टळतात, या तिच्या म्हणण्यावर त्याने अठराव्या शतकातल्या लंडनचा दाखला दिला, जिथे गजबज होती आणि गुंडगिरीही. पण जेकब्स जे सांगत होती ते त्याच्या कानावर पडलंच नाही. ती अनोळखी माणसांच्या सहवासाविषयी बोलत होती. महानगर ही अनोळखी माणसांनी एकमेकांना सांभाळून घेण्याची सोय आहे, आणि ती सोय आराखड्यात काढता येत नाही. न्याय म्हणून हेही सांगतो की रॉबर्ट मोझेसने खालच्या मॅनहॅटनवरून महामार्ग न्यायचं ठरवलं, तेव्हा जेकब्सने मदत मागितली आणि मम्फर्डने त्या रस्त्याविरुद्ध लिहून दिलं. तो रस्ता अखेर झालाच नाही.

आता राहिला नवीकरणाचा मुद्दा, म्हणजे या सगळ्यावर त्याचा उपाय काय. महायंत्राशी लढायचं नाही, त्यातून अंग काढून घ्यायचं, हे त्याचं उत्तर. रोमन साम्राज्य ढासळत होतं तेव्हा आरंभीचे ख्रिस्ती आणि पुढे बेनेडिक्टचे मठवासी असेच बाजूला झाले आणि त्यांच्यातून नवी संस्कृती उगवली. आधी माणसाचं अंतर बदलतं, मग संस्था. या उत्तराची पुष्कळांनी टर उडवली आहे. बाजूला व्हायला बाजूला जागा लागते, मम्फर्डकडे न्यूयॉर्क राज्यातल्या अमेनियाजवळ घर आणि बाग होती, पिशवी अडकवून धावणाऱ्या मुलाने कुठे जायचं? ही टर बिनबुडाची नाही.

पण आम्ही तिच्यात पूर्णपणे सामील होत नाही. १९५६ साली मम्फर्डचं 'द ट्रान्स्फॉर्मेशन्स ऑफ मॅन' आलं. मानवी इतिहासात माणसाने स्वतःला वेळोवेळी कसं नव्याने घडवलं, हा त्याचा विषय. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो माणसं एका मैदानावर जमली, जुना धर्म सोडला आणि बावीस प्रतिज्ञा घेतल्या. अंतर बदलून समाजातून बाजूला होण्याचं आणि तरीही समाजातच राहण्याचं याहून मोठं उदाहरण त्या शतकात शोधून सापडणं कठीण. मम्फर्डच्या सिद्धान्ताला हवा होता तो पुरावा इथे होता, त्याच्या नजरेच्या टापूबाहेर. आणि त्याने गृहीत धरलेल्या दोन गोष्टी त्यात नव्हत्या. ती माणसं निवांत बागेत बसून बदलली नव्हती. त्यांच्यात शेतमजूर होते, तशी गिरणीत, रेल्वेत, विडीच्या कारखान्यात, महायंत्राच्या पार तळाशी राबणारी माणसंही होती. आणि ती एकेकटी बदलली नव्हती, संघटना करून, वीस वर्षं वाट पाहून, सभा आणि वर्तमानपत्रं चालवून बदलली होती. त्यासाठी रेल्वे लागली, छापखाना लागला, ध्वनिक्षेपक लागला. यंत्राकडे पाठ फिरवावी लागली नाही.

म्हणून मम्फर्ड वाचायचा तो त्याच्या उपायांसाठी नाही, पण त्याच्या उपायाला थट्टेत काढूही नये. वाचायचं तर सुरुवात 'टेक्निक्स अँड सिव्हिलायझेशन'मधल्या घड्याळाच्या प्रकरणापासून करा, ते फार मोठं नाही. मग 'द सिटी इन हिस्टरी'ची सुरुवातीची प्रकरणं. 'द पेंटॅगॉन ऑफ पॉवर' हे 'द मिथ ऑफ द मशीन'चं दुसरं पुस्तक सर्वांत शेवटी घ्या, कारण त्यात तो फार चिडलेला आहे आणि चिडलेल्या माणसाला आधी शांतपणी भेटलेलं बरं. जेकब्सचं पुस्तक शेजारी उघडं ठेवा, आणि घटना समितीतलं ते भाषणही. आता प्रश्न घेऊ. मागून कुणाचा तरी हात बराच वेळ वर आहे.